शिनाण्यांचं लोणचं विकायचंय? आधी वही काढा

सिंधुदुर्गातल्या कालावल खाडीत आमच्या भावजींचा शिनाण्यांचा, म्हणजे हिरव्या शिंपल्यांचा, तराफा आहे. बांबूंचा सांगाडा, खाली रिकामी पिंपं आणि पाण्यात लोंबणाऱ्या दोऱ्या. थंडी पडायला लागली की दोरीला बी, म्हणजे शिनाण्यांची बारीक पिल्लं, बांधतात आणि एप्रिल-मेमध्ये, पावसाचं गोडं पाणी खाडीत उतरायच्या आत, दोऱ्या वर ओढतात. पाणी गोडं झालं की शिनाणे मरतात, त्यामुळे थांबायची सोय नाही. अख्ख्या वर्षाचा माल तीन-चार आठवड्यांत अंगावर येतो. पहिल्या वर्षी भावजींनी तो सगळा जिवंतच बाजारात नेला. पहिल्या दिवशी टोपली अकराच्या आत रिकामी, तिसऱ्या दिवशी भाव निम्मा, पाचव्या दिवशी हॉटेलवालेसुद्धा तोंड फिरवायला लागले. सहाव्या दिवशी ते टोपली घेऊन आमच्या पडवीत आले. "वयनी, ह्येचा काय तरी कर."

मी लोणचं घातलं. त्याला आता सात वर्षं झाली. आज आम्ही पाच जणी मिळून शिनाण्यांचं लोणचं, तळ्यातल्या सुंगटांचं (कोळंबीचं) लोणचं आणि सोड्यांची सुकी चटणी करतो. थोडं फ्रीजरचं कामही आहे, त्याबद्दल पुढे सांगते. आठवड्यातून एक तरी फोन येतो, "ताई, रेसिपी द्या." रेसिपी देते. पण कोकणात चांगलं लोणचं घालणाऱ्या बायका घरोघरी आहेत. धंदा अडतो तो हिशेबात आणि गिऱ्हाईक शोधण्यात. म्हणून हे लिहितेय. तुमच्या मागे कोळंबीचं तळं असो, जिताडा माशाचं शेत असो की खेकड्यांचं कुंपण, हिशेब तोच.

कवचाचा भाव आणि मांसाचा भाव

पहिल्या वर्षी मी 200 ग्रॅमची बरणी 150 रुपयांना विकली. सगळ्या संपल्या. घरात पेढे वाटले. मग पुतण्याने वही घेऊन बसवलं आणि पेढे कडू झाले.

तो हिशेब जसाच्या तसा देते. आकडे आमच्या गावचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. 10 किलो शिनाणे, 120 रुपये किलोने 1200. उकडून, कवच काढून, दाढी ओढून (दोरीला धरून राहायला शिनाण्याला काळे तंतू असतात, त्याला आम्ही दाढी म्हणतो) हातात उरतं अडीच किलो मांस. तळल्यावर पाणी जाऊन ते पावणेदोन किलोच्या आसपास येतं. त्यात तेल, मसाला, आलं-लसूण, व्हिनेगर मिळून सव्वातीन किलो लोणचं होतं, म्हणजे 16 बरण्या. तेल-मसाल्याचे 620. बरणी, झाकण, लेबल मिळून 22 रुपये, सोळांचे 352. गॅस 150. दोघींची मजुरी 600. वीज, पाणी, रिक्षा 150. बेरीज 3072, एका बरणीला 192 रुपये. मी ती 150 ला विकत होते. प्रत्येक गिऱ्हाइकाला लोणच्यासोबत 42 रुपये दक्षिणा.

एवढ्यावर थांबू नका. सोळापैकी एक बरणी आम्ही नमुना म्हणून ठेवतो, एक चव दाखवण्यात जाते. विकायला राहिल्या चौदा. 3072 भागिले 14, म्हणजे 219. आता दुकानदार 25 टक्के घेतो. छापील किंमत 320 ठेवली तर दुकानातून माझ्या हातात 240 येतात, बरणीमागे 21 रुपये सुटतात. तीच बरणी माझ्या पडवीत किंवा फोनवरून विकली तर 101. या दोन आकड्यांमध्ये आमचं सगळं मार्केटिंग आहे. दुकानात माल ठेवायचा तो ओळख व्हावी म्हणून. पोट भरतं थेट गिऱ्हाइकावर.

कोळंबीचा हिशेब वेगळा. व्हेनामीचं (तळ्यात वाढवतात ती कोळंबी) डोकं, साल, धागा काढल्यावर वजन साधारण निम्म्यावर येतं, पण साफसफाई पटकन होते आणि भाव काउंटवर ठरतो, म्हणजे किलोत किती नग. लोणच्याला मोठ्या काउंटची महाग कोळंबी घेणं हा वेडेपणा आहे. 70-80 काउंटची बारीक कोळंबी घ्या. तळ्यावाल्यालाही तिला गिऱ्हाईक हवंच असतं आणि बरणीत ती भरलेली दिसते.

मजुरीचा आकडा धरायला विसरू नका. बचतगटाच्या मीटिंगमध्ये हटकून ऐकू येतं, "मजुरी कसली, आपणच तर करतो." ज्या दिवशी तुमची सून बाळंत होईल आणि बाहेरची बाई बोलवावी लागेल, त्या दिवशी धंदा तोट्यात जाईल.

वाळूचा कण आणि व्हिनेगर

विकण्याचं सांगता सांगता स्वयंपाकघरात जावंच लागतं, कारण दाताखाली वाळूचा एक कण आला की ते गिऱ्हाईक गेलं. जाताना आणखी चौघांना सांगून गेलं.

शिंपल्याची जात पाणी गाळून खाते. पाण्यात जे असेल ते तिच्या पोटात. म्हणून दोऱ्या काढल्यावर शिनाणे एक दिवस-रात्र स्वच्छ खाऱ्या पाण्याच्या टाकीत उपाशी ठेवतात, पाणी बदलत. पोट रिकामं होतं. जे तोंड वासून पडलेत आणि टिचकी मारली तरी मिटत नाहीत ते फेकायचे, हळहळायचं नाही. गटाराचं पाणी खाडीला मिळतं तिथला माल फुकट दिला तरी घेऊ नका. खडकावरून खरवडलेल्या शिनाण्यांत वाळू जास्त असते. दोरीवरचे तळाला टेकतच नाहीत, त्यामुळे स्वच्छ निघतात. हे आम्ही लेबलवर लिहिलं, "दोरीवर वाढलेले, वाळू नाही", आणि प्रदर्शनात सगळ्यात जास्त प्रश्न याच ओळीवर आले. शेतीचा माल आहे हे लपवू नका. समुद्राचाच माल चांगला असा समज आपल्याकडे आहे खरा. पण शेतीच्या मालाची तारीख, जागा, पाणी तुम्ही सांगू शकता; समुद्राच्या मालाचं तसं कोण सांगणार?

दुसरी गोष्ट आंबटपणा. पहिल्या वर्षीच्या मे महिन्यात घाई होती, शिनाण्यांतलं पाणी पूर्ण उडायच्या आत मी मसाला घातला. दहा-बारा दिवसांनी एका चाकरमान्याच्या बॅगेत, कोकणकन्येत वरच्या बर्थवर, बरणीचं झाकण फुगून उडालं. खाली नवी पैठणी होती. पैठणीचे पैसे आम्ही भरले. चूक आमचीच होती. नुसता वास आणि डाग यावर भागलं हे नशीब, कारण तेलाखाली हवा नसते आणि आंबटपणा कमी असेल तर तिथे बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचे, जंतू वाढू शकतात. त्यांचं विष चवीला कळत नाही.

तेव्हापासून आंबटपणा मोजायचा पीएच मीटर घेतलाय. आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त. 4.6 च्या खाली हवाच, मी 4.2 च्या वरची बॅच बाहेर सोडत नाही. मोजताना वरचं तेल-व्हिनेगर मोजून समाधान मानू नका. लोणच्यातले चार-पाच तुकडे तेल-मसाला निपटून मिक्सरला वाटा आणि मग मोजा, कारण मांसाच्या पोटात आंबटपणा उशिरा पोचतो. म्हणूनच भरलेली बरणी आम्ही दहा दिवस ठेवून, पुन्हा मोजून मगच विकतो. तळताना कढईतला बुडबुड्यांचा आवाज कमी होत जातो आणि तुकडा झाऱ्यावर टाकला की टक् वाजतो. तिथे थांबायचं. त्याच्या पुढे गेलात तर रबर खावं लागतं.

शिकायचं असेल तर रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे. प्रशिक्षण कधी आहे ते फोन करून विचारा. हे मीटरचं शहाणपण मला सासरी-माहेरी कुठेच मिळालं नसतं.

लेबल

आधी अन्नसुरक्षा नोंदणी. मी केली तेव्हा वर्षाला 12 लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधी नोंदणी होती, फी वर्षाला 100 रुपये. चौदा आकडी नंबर मिळतो, तो लेबलवर हवा. नियम बदलत असतात, अर्ज भरताना पोर्टलवर मर्यादा बघून घ्या. एजंटला हजारो रुपये देण्यासारखं त्यात काही नाही.

लेबलवर काय काय लागतं ते छापखान्याच्या भरवशावर सोडू नका. आमच्या पहिल्या 500 लेबलांवर मांसाहारी पदार्थासाठी तपकिरी गोल ठिपका छापला गेला. नवा नियम चौकोनात तपकिरी त्रिकोण असा आहे. पाचशे चिकट्या वरून लावल्या, रात्री, सीरियल बघत. घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, बॅच नंबर, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, पत्ता, तक्रारीसाठी फोन हे सगळं हवं. कोळंबी किंवा मासळी असेल तर अॅलर्जीची सूचना ठळक द्या, काहींना कोळंबीचा एक तुकडाही दवाखान्यात पोचवतो.

आणि फोटो. पोरांनी इंटरनेटवरून सुंदर फोटो काढून दिला होता, पांढऱ्या बशीत काळेभोर शिंपले. ते परदेशी. आपल्या शिनाण्याची कड हिरवी असते. मालवणातल्या पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, "ह्ये खंयचे गे?" स्वतःच्या तराफ्याचा फोटो काढा, वाकडा आला तरी चालेल.

नावाचीही गंमत आहे. सिंधुदुर्गात आणि गोव्यात शिनाणे म्हटलं की कळतं. मुंबईकराला कळत नाही. प्रदर्शनात लोक बरणी उचलत, वाचत आणि ठेवून देत. आता खाली छोट्या अक्षरांत "हिरव्या शिंपल्यांचं मालवणी लोणचं" असं आहे. नाव बदलायला मी तयार नव्हते, पण खाली ओळ टाकायला काय जातं?

बरणी रुंद तोंडाची घ्या. हे सासूबाईंचं म्हणणं. "ल्हान तोंडाची घेव नको, चमचो जायत नाय, मग पोरा बोटां घालतत." बोट गेलं की लोणचं गेलं. लेबलवर "कोरडा चमचा वापरा, उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा" त्यामुळेच आलं.

कुणाला, कुठे, कोणत्या वारी

सगळ्यात पहिलं गिऱ्हाईक म्हणजे तुमच्या गावात येऊन जेवलेला माणूस. तारकर्ली, देवबाग, आचरा भागात घरगुती खानावळी आणि होमस्टे भरपूर आहेत. तिथल्या पाच जणींना मी दर शनिवारी मोठी बरणी फुकट देते. सकाळच्या पेजेबरोबर किंवा थाळीत त्या एक चमचा वाढतात. पाहुणा विचारतो, "हे काय आहे?" आणि काउंटरवर विकायच्या बरण्या असतातच. बरण्या "ठेवून जा, खपल्या की पैसे देतो" या बोलीवर ठेवू नका. आधी ठेवायचे, खपल्या की पैसेही खपायचे. आता रोख, नाहीतर जास्तीत जास्त पंधरा दिवस.

दुसरं गिऱ्हाईक चाकरमानी. तो मे महिन्यात येतो, जाताना कोकम, काजू, फणसपोळीबरोबर दोन बरण्या बॅगेत घालतो. त्याचा नंबर घ्या. खरा धंदा त्याच्याकडे पुढच्या दहा महिन्यांत होतो. आमच्या व्हॉट्सअॅपच्या यादीत जे आहेत त्यांतले निम्म्याहून जास्त असेच, पडवीत बसून चहा घेऊन गेलेले. त्यांना रोज सुप्रभात पाठवू नका. महिन्यातून दोनदा, काय तयार आहे आणि किती बरण्या आहेत एवढंच पाठवा. "यंदा शिनाण्यांच्या 180 बरण्याच झाल्या" असं लिहिलं की माणूस फोन उचलतो. पण आकडा खरा हवा.

मेसेज कधी पाठवायचा हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी, संकष्टीला कोळंबीचा फोटो पाठवलात तर शिव्या खाल. मंगळवारी संध्याकाळी पाठवा, बुधवार मनात असतो. शनिवारी रात्री नऊनंतर पाठवला तरी चालतो, उपास सुटलेला असतो. गटारीच्या आधीचा आठवडा सोन्याचा. मग श्रावण. श्रावणात विक्रीच्या नावाने ठणठणाट, तेव्हा आम्ही मसाले कुटतो, लेबलं मागवतो, मीटर तपासतो. गणपतीत चाकरमानी आलेला असला तरी मांडवात बाप्पा असतो. विसर्जन झाल्यावर मात्र तोच माणूस गाडीत बसायच्या आधी बरणी शोधत येतो. 1 जूनपासून यांत्रिक बोटी बंद. ताजी मासळी महागते आणि पूर्वी लोक ज्या हौसेने आगोटीला (पावसाच्या तोंडावर) सुकी मासळी भरून ठेवत तशी आता बरणी भरतात. म्हणून मे अखेरच्या मेसेजचा मथळा आमच्याकडे कायमचा ठरलाय: "पावसाळ्याची बेगमी".

प्रदर्शनं. मुंबईतलं महालक्ष्मी सरस बचतगटांसाठी चांगलं, पण तिथे विक्रीपेक्षा नंबर गोळा करायला जा. चव द्यायला भाकरीचे छोटे तुकडे ठेवा. नुसतं लोणचं चमच्याने दिलं की तिखट लागतं आणि लोक पाण्याकडे पळतात. हे कळायला आम्हाला एक अख्खं प्रदर्शन गेलं.

गोवा आम्हाला दारात आहे, मोह होतो. पण बांद्याच्या पलीकडे, दुसऱ्या राज्यात माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते. हिशेबनिसाला विचारून मगच ऑर्डर घ्या. आमची एक ऑर्डर यामुळे हातची गेली होती.

फ्रीजरचं काय

मसाला लावलेली कोळंबी, कटलेट, जिताड्याच्या तुकड्या यांना मागणी आहे आणि ती वाढतेय. पण तुमच्याकडे उणे 18 अंश सलग राहील का, हा एकच प्रश्न स्वतःला विचारा. आमच्याकडे जुलैमध्ये फांदी पडली की वीज चार-चार तास जाते. वितळलेलं पुन्हा गोठवून विकणं हे पाप आहे. म्हणून फ्रीजरचं काम आम्ही ऑर्डरपुरतं करतो, तेही जनरेटर असलेल्या हॉटेलांसाठी. हॉटेलवाल्याला चवीआधी काय हवं असतं ठाऊक आहे? सारख्या आकाराचा मासा. शेतातला जिताडा एका वेळी काढला की किलो-सव्वा किलोचे एकसारखे मिळतात, प्रत्येक ताटात तेवढीच तुकडी पडते आणि त्याचा हिशेब बसतो. आणि तारीख. "बुधवारी 20 किलो देते" म्हटलं की बुधवारी 20 किलो. बर्फाचं आवरण धरून वजन लावायचा मोह टाळा; स्वयंपाकी वितळवून तोलतोच.

यंत्राचं कर्ज घ्यायच्या आधी दोन मोसम हाताने करा. 2020 साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान ठेवलं होतं, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं. म्हणजे आधी कर्ज. सध्या अर्ज घेतात का ते जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात विचारा. आमच्या माहितीतल्या एका गटाने अनुदान मिळतंय म्हणून मोठं पॅकिंग यंत्र घेतलं. त्यावर आता सुपारी वाळत घालतात.

नमुन्याचं फडताळ

प्रत्येक बॅचची एक बरणी आम्ही फडताळात ठेवतो, तारीख घालून. शेजारी वही: शिनाणे कोणत्या दिवशी काढले, तेल कुठलं, मिरची कुणाची, पीएच किती. मागच्या वर्षी ठाण्याहून फोन आला, "काकी, यंदाचं जरा कडवट लागतंय हो." पूर्वी मी म्हटलं असतं, छे, आम्ही तेच करतो. आता बॅच नंबर विचारला, फडताळातली बरणी उघडली. खरंच कडवट. वही पाहिली तर त्या दिवशी मेथी भाजायला नवी मुलगी बसली होती. त्या बॅचच्या दुकानांतल्या बरण्या परत मागवल्या, बाईंना दोन नव्या पाठवल्या. परत आलेल्या अकरा बरण्या फेकवेनात, घरीच उघडल्या. सासूबाई पेजेबरोबर रोज खातात. "माका तर बरां लागता," म्हणतात, "तुमका विकूक येता, खावक येयत नाय."